घड्याळ लोकलचे, वेळापत्रक अभ्यासाचे

शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की घरोघरी भिंतींवर अभ्यासाची वेळापत्रके लागतात. पहाटे साडेचारचा गजर, सकाळी दोन तास गणित, रात्री तीन तास विज्ञान अशी त्यांची आखणी असते. दोन-तीन आठवड्यांत त्यांपैकी बरीचशी नुसती कागदावर उरतात आणि दोष विद्यार्थ्याच्या आळसाला दिला जातो. वास्तविक चूक पुष्कळदा आखणीतच असते. अभ्यासाला किती तास हवेत, येथून ती सुरू होते. दिवसातून किती तास खरोखर हाती उरतात, याचा हिशेब कोणी मांडत नाही. घोरावाडीसारख्या छोट्या स्थानकावरून रोज पुण्याला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस पाहिला, की या हिशेबाचे महत्त्व ध्यानात येते.

पाच मिनिटांची किंमत

घोरावाडी हे मावळातील बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मधले स्थानक. पुण्यापासून ते सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. पुणे-लोणावळा उपनगरी सेवा १९७८ मध्ये सुरू झाली आणि मावळातील मुलांना पुण्याची महाविद्यालये आवाक्यात आली. मात्र मुंबईप्रमाणे येथे दर काही मिनिटांनी लोकल येत नाही. लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या या सर्वांचा भार दोन मार्गिकांवर असल्याने फेऱ्यांवर मर्यादा येतात. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी म्हणूनच वर्षानुवर्षे होत आली आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या घोरावाडीला थांबत नसल्याने लोकल चुकली, तर पुढच्या लोकलची वाट पाहण्यावाचून किंवा महामार्ग गाठून अन्य वाहन शोधण्यावाचून गत्यंतर नसते. येथे घरातून निघायला झालेला पाच मिनिटांचा उशीर पाच मिनिटांवर थांबत नाही. त्यात पहिला तास बुडतो, कधी प्रात्यक्षिकही जाते.

चोवीस तासांचा ताळेबंद

समजा, असा एक विद्यार्थी शिवाजीनगर परिसरातील महाविद्यालयात शिकतो. घर ते स्थानक, फलाटावरील प्रतीक्षा, गाडीतील सुमारे पाऊण तास आणि पुढची पायपीट मिळून एका वेळेस दीड तास लागतो. जाऊन-येऊन तीन तास. महाविद्यालयात सहा तास, झोपेला आठ तास आणि आंघोळ, जेवण व घरची कामे यांना तीन तास धरले, तर वीस तास संपले. उरले चार. त्यातही थकवा, पाहुणे आणि वीज जाणे यांचा वाटा निघतो. सहा तासांच्या अभ्यासाचे वेळापत्रक या विद्यार्थ्याने भिंतीवर लावले, तर ते पहिल्याच दिवशी मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग हात घातला जातो तो झोपेला. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन' या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली आहे. दिवसभरात शिकलेले स्मरणात पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. त्यामुळे झोप तोडून मिळवलेला तास दुसऱ्या दिवशी वर्गातील पेंगेत परत जातो.

मुलींच्या बाबतीत हा ताळेबंद आणखी तंग होतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. गाडीतून उतरल्यावर मुलगी थेट स्वयंपाकघरात आणि मुलगा अभ्यासाला, अशी वाटणी असलेल्या घरात मुलीला वेळेच्या नियोजनाचा उपदेश करण्यापूर्वी कामाची वाटणी बदलायला हवी.

कोणत्या वेळेला कोणते काम

उरलेल्या वेळेचे दोन प्रकार पाडता येतात. घरातला सलग, शांत वेळ हा एक आणि फलाटावरचा किंवा गाडीतला तुटक वेळ हा दुसरा. सलग वेळ थोडा असल्याने तो अवघड कामासाठीच राखावा. न सुटलेले गणित, नवा धडा, निबंध किंवा अहवाल यांचे लेखन ही ती कामे. वह्या सजवणे, मजकूर उतरवून काढणे यात तो खर्चू नये.

घोरावाडी ते शिवाजीनगर प्रवासात जाऊन-येऊन रोज सुमारे दीड तास गाडीत जातो. आठवड्याच्या सहा दिवसांचे नऊ तास होतात. गर्दीत उभ्याने जाड पुस्तक उघडणे शक्य नसते. मात्र आठवण्यासाठी पुस्तक लागतच नाही. काल काय शिकलो, व्याख्या कोणती, सूत्र कसे सिद्ध झाले, हे मनातल्या मनात मांडून पाहावे आणि जेथे अडेल ते खिशातल्या छोट्या टाचणात पडताळावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. शिवाय सकाळी जाताना एकदा आणि संध्याकाळी येताना पुन्हा, अशी विभागलेली उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. मात्र नऊच्या नऊ तास अभ्यासालाच जुंपण्याचे कारण नाही. परतीच्या गाडीत मित्रांशी गप्पा मारणे किंवा डोळे मिटून बसणे हीसुद्धा गरज आहे.

अंदाज दीडपट धरावा

वेळापत्रक कोसळण्याचे आणखी एक कारण म्हणजे कामाला लागणाऱ्या वेळेचा चुकीचा अंदाज. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पूर्ण होईल, असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. ही चूक आळशी मुलेच करतात असे नाही. ती माणसाची सर्वसाधारण सवय आहे. म्हणून एखाद्या धड्याला एक तास लागेल असे वाटले, तर दीड तास राखून ठेवावा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मुद्दाम मोकळी सोडावी. राहिलेली कामे त्या संध्याकाळी पूर्ण करता येतात.

सुरुवात नोंदीपासून

नवे वेळापत्रक करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक आठवडा आपला दिवस फक्त लिहून काढावा. गाडी किती वाजता मिळाली, घरी किती वाजता पोहोचलो, मोबाइलवर किती वेळ गेला, हे काहीही न लपवता नोंदवावे. मग न हलणाऱ्या वेळा आधी मांडाव्यात: झोप, गाडी, तासिका, जेवण. त्यांच्या मधल्या जागेत अभ्यास बसवावा. घरातून निघण्याची वेळ गाडीच्या वेळेवरून उलट मोजून ठरवावी आणि दप्तर रात्रीच भरून ठेवावे.

या प्रयत्नांना पालकांची आणि शिक्षकांचीही साथ हवी. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आणि तीन तास प्रवास करणारा विद्यार्थी एकाच परीक्षेला बसतात. त्यांच्या हाती उरलेले तास मात्र सारखे नसतात. प्रात्यक्षिकाची वेळ ठरवताना महाविद्यालयाने लोकलचे वेळापत्रक पाहिले, तर काही विद्यार्थ्यांचे अर्धे दिवस वाचू शकतात. विद्यार्थ्याच्या हाती जे आहे ते एवढेच, की उरलेल्या चार तासांचे सहा झाले नाहीत म्हणून स्वतःला दोष देत बसू नये. त्या चारांचा मात्र चोख हिशेब ठेवावा.