घरातील पहिले वाचन

जयपूरच्या जुन्या शहरात, परकोटाच्या आत, दुकानांची नावे बहुधा एकाच पद्धतीने, पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत रंगविलेली दिसतात. वडिलांबरोबर जौहरी बाजारातून जाणारे चार वर्षांचे मूल या पट्ट्या पाहत असते. आपल्या नावातले एखादे अक्षर एखाद्या पाटीवर त्याला अकस्मात भेटते आणि ते ओरडून सांगते. वाचनाचा आरंभ त्या क्षणी झालेला असतो. घरी आल्यावर मात्र त्याच मुलाला अंकलिपीपुढे बसविण्यात येते, आणि रस्त्यावर आनंदाने ओळखलेले अक्षर तेथे त्याला ओळखता येत नाही.

हे असे का व्हावे? हिंदी अंकलिपीत ‘अ’ अनारचा असतो, मराठीत तो अननसाचा. डाळिंब जयपूरच्या मुलाने खाल्लेले असते. अननस त्याने कदाचित पाहिलेलाही नसतो. मग अनोळखी चित्राच्या आधाराने अनोळखी आकृती ध्यानात ठेवण्याचे काम त्याच्यावर येऊन पडते. त्यातच चौतीस-पस्तीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे धरली, तर बाराखडीत चारशेहून अधिक आकृती होतात. त्या सर्व पाठ होईपर्यंत अर्थपूर्ण असे काहीच वाचावयास न देणे म्हणजे भुकेल्या मुलाला स्वयंपाकाच्या भांड्यांची नावे पाठ करावयास लावणे होय.

याचा अर्थ बाराखडी टाकून द्यावी असा नाही. ‘का’मधील काना ज्याला उमगला, त्याला ‘मा’ आणि ‘ता’ जवळजवळ फुकट मिळतात. ही सोय इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला नाही. प्रश्न केवळ क्रमाचा आहे.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्विया ॲश्टन-वॉर्नर यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात आपली पद्धत सांगितली आहे. प्रत्येक मुलाला त्या दिवशी कोणता शब्द हवा, हे त्या विचारीत आणि तोच शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या हाती देत. घरी हे सहज करता येते. मकरसंक्रांतीला जयपूरचे आकाश पतंगांनी भरून जाते. त्या दिवसांत मूल ‘पतंग’ हाच शब्द मागेल. या शब्दात काना नाही, मात्रा नाही; आणि हिंदीतही तो जसाच्या तसा आहे. काही दिवसांनी पट्ट्यांच्या गठ्ठ्यात ‘आई’, ‘घेवर’, ‘उंट’ जमा होतात. मग ‘पतंग’मधील ‘प’ आणि ‘पाणी’मधील ‘पा’ शेजारी ठेवून काना दाखविता येतो.

मोठ्यांना ज्या चुका निष्काळजीपणाच्या वाटतात, त्यांपैकी पुष्कळशा लिपीतूनच उद्भवतात. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी उभी असते, परंतु तिचा उच्चार नंतर होतो. मुलाने तेथे ‘इक’ म्हटले, तर ते डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचीत आहे, इतकेच सिद्ध होते. ‘घर’ हा शब्द ‘घ, र’ असा सुटा वाचला की दोन्ही अक्षरांतील अकार पूर्ण उच्चारला जातो आणि बोलण्यातले घर हरवते. अशा वेळी पुन्हा अक्षरे म्हणवून घेण्याऐवजी बोट शब्दाखालून फिरवीत संपूर्ण शब्द एकदा म्हणून दाखवावा. मुलाला ‘मठ्ठ’ म्हणण्याची घाई करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या दोन शब्दांचा विचार अवश्य करावा.

जयपूरमधील मराठी घरात आणखी एक गुंता असतो. मूल शाळेत ‘जयपुर’ पाहते आणि आजीच्या पत्रात ‘जयपूर’. हिंदीतला ‘ज्ञ’ निराळा उच्चारला जातो. ‘चूल’ आणि ‘चिमणी’ यांतील ‘च’ मराठीत वेगवेगळे असूनही लिहिले जातात एकसारखेच. मुलाने ‘चूल’ हिंदी वळणाने वाचली तर हसू नये. घरात तो शब्द ऐकू येत असेल, तर योग्य उच्चार आपोआप जागेवर येतो. शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचन होणारच. मराठी वाचन मात्र घरी झाले नाही, तर बहुधा ते होतच नाही. मूल मराठी बोलत राहते, पण आजीचे पत्र त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावे लागते.

भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गोष्टीला शिक्षणात मानाचे स्थान दिले. जयपूरमध्येच १९७८ साली सुरू झालेल्या ‘दिगंतर’ शाळेने प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने शिकावे, हे तत्त्व स्वीकारले. घराला या दोन्ही गोष्टी शाळेहून अधिक सोप्या आहेत. रोज दहा मिनिटे मुलाला शेजारी घेऊन वाचावे, आणि ते कंटाळण्यापूर्वीच थांबावे. तीच गोष्ट ते पन्नासाव्यांदा मागेल. मोठ्यांची सहनशक्ती येथे खरोखर पणाला लागते, तरीही वाचावी. पाठ झालेल्या गोष्टीतच मूल शब्द आणि आकृती यांची सांगड घालीत असते. नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुष्कळ पुस्तके त्याच चित्रांसह अनेक भाषांत निघाली आहेत. एकाच पुस्तकाची हिंदी आणि मराठी प्रत मिळाली, तर दोन्ही शेजारी उघडून ठेवावीत आणि कोणते शब्द दोन्हीकडे सारखे आहेत, ते मुलालाच शोधू द्यावे.