खुली संकेतस्थळे आणि ग्रंथालयातील डेटाबेस

विदर्भातील कापसावर संशोधन करणाऱ्या नागपूरच्या अभ्यासकाला एकीकडे कोणालाही विनाशुल्क उघडता येणारी संकेतस्थळे उपलब्ध असतात आणि दुसरीकडे ग्रंथालयाने वर्गणी भरून मिळवलेले डेटाबेस, म्हणजे विषय, लेखक व वर्ष यांनुसार शोधता येणारे संशोधनलेखांचे संग्रह. या लेखांपैकी बहुतेकांचे प्रकाशनापूर्वी त्याच विषयातील तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले असते. संकेतस्थळावरील मजकुराला तशी हमी नसते. तथापि, मोफत ते कमअस्सल हे समीकरण अन्यायकारक आहे, कारण गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचे भांडार सर्वांना खुले असून, आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत क्वचितच पोहोचणारे स्थानिक विषयांवरील काम, मराठी प्रबंधांसह, तेथे वाचता येते.

शुल्काचा अडसर आता काही अंशी दूर झाला आहे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीतून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली केली. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ याच वर्गातील आहे. विनाअनुदानित खासगी महाविद्यालये मात्र पहिल्या टप्प्यातून वगळली गेली, ही गंभीर उणीव होय. तेथील अभ्यासकाला गूगल स्कॉलरवर लेखाचे शीर्षक सापडले, तरी पूर्ण पाठासाठी लेखकाने स्वतः खुली केलेली प्रत शोधावी लागते.