दीडच्या सामन्याची माणसं

वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, युरोपातली घड्याळं तासाभराने सरकतात. आपल्याला त्याचं काही सोयरसुतक असायचं कारण नाही. पण बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधल्या काही घरांत या तारखा पाठ असतात. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिथे रात्री नऊला सुरू होणारा सामना सप्टेंबरात इथे साडेबाराला लागतो आणि नोव्हेंबरात दीडला. साडेबाराचा सामना अडीचला संपतो. चार तास झोप काढून सकाळची फास्ट लोकल मिळते. दीडचा संपतो साडेतीनला, आणि त्यात जादा वेळ नि पेनल्टी निघाल्या तर झोपायचा नाद सोडून सरळ चहा टाकावा हे बरं. तो एक तास सोमवारी ऑफिसात तोंडावर दिसतो.

मी बार्सिलोना फुटबॉल क्लबचा, म्हणजे बार्साचा, चाहता. आमच्या सोसायटीत आम्ही मोजून चार आहोत, त्यातला एक रेआल माद्रिदचा, पण त्याला धरून. बाहेर कुठे जाऊन सामना बघायचा तर मुंबईतले बार दीडला बंद होतात, म्हणजे सामना सुरू होतो तेव्हा वेटर खुर्च्या उलट्या करत असतो. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची गाडीही तोवर गेलेली असते. त्यामुळे अंधेरीच्या पबमध्ये जर्सी घालून जमायचं ते 'एल क्लासिको', म्हणजे बार्सा-माद्रिद सामना, आपल्या संध्याकाळी असेल तेव्हाच. ला लीगाच्या, म्हणजे स्पॅनिश लीगच्या, लोकांना हे कळलेलं आहे. २३ डिसेंबर २०१७ चा क्लासिको त्यांनी माद्रिदमध्ये दुपारी एकला ठेवला. तिथे लोकांची जेवायचीही वेळ झालेली नव्हती. इथे संध्याकाळचे साडेपाच. बार्साने ३-० ने जिंकला. माद्रिदच्या स्टेडियमचं वेळापत्रक आशियातल्या टीव्हीसाठी हलू शकतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं ध्यानात आलं.

टीव्हीचीही एक वेगळीच कर्मकथा आहे. चांगलं सोनीवर चाललं होतं, तर २०१८ पासून तीन मोसम ला लीगा भारतात फेसबुकवर, तेही फुकट. मग हक्क व्हायकॉम१८ कडे गेले आणि पहिल्याच मोसमात सामने चक्क एमटीव्हीवर लागले. घरच्यांना वाटायचं, पोरगा या वयात रात्री गाणी बघतोय. आता फॅनकोडचं ॲप. ॲपवर चित्र मागे असतं, कुणाचं अर्धा मिनिट, कुणाचं त्याहून जास्त. त्यामुळे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा एकच कडक नियम आहे: सामना चालू असताना कुणी काही लिहायचं नाही, इमोजीसुद्धा नाही. मुलुंडच्या एकाचं वायफाय जोरात आहे. त्याने एकदा नुसतं 'अरे' असं लिहिलं आणि घाटकोपर ते बोरिवली सगळ्यांचा गोल वाया घालवला. आरडाओरडा करायची तर सोय नसतेच. शेजारच्या खोलीत आई झोपलेली, कानात इअरफोन. गोल झाला की उशीत तोंड खुपसायचं.

तर हा क्लब आहे तरी काय? २२ ऑक्टोबर १८९९ ला बार्सिलोनातल्या एका क्रीडा साप्ताहिकात छोटीशी जाहिरात आली: फुटबॉल खेळायची इच्छा असणाऱ्यांनी भेटावं. जाहिरात देणारा जोआन गाम्पर मूळचा स्वित्झर्लंडचा, कामासाठी त्या शहरात आलेला. २९ नोव्हेंबरला एका व्यायामशाळेत बैठक झाली आणि क्लब उभा राहिला. कातालुन्याच्या अस्मितेचं प्रतीक म्हणून जो क्लब पुढे ओळखला गेला तो एका परदेशी माणसाच्या जाहिरातीतून निघाला, हे मला मुंबईकर म्हणून फार आवडतं.

बार्साचं खरं वेगळेपण मैदानात कमी आणि कागदावर जास्त आहे. स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हायला लावलं. चार सुटले: बार्सिलोना, रेआल माद्रिद, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. या चारांचे मालक त्यांचे सभासद. बार्साचे सभासद लाखाच्या वर. ते वर्गणी भरतात आणि अध्यक्ष निवडून देतात. आपल्याकडे हे समजावून सांगायला सहकारी साखर कारखान्याइतकं सोपं उदाहरण नाही. पॅनेल पडतात, जुने हिशेब उकरले जातात, वार्षिक सभेत खडाजंगी होते आणि अविश्वास ठरावही येतो. २०२० मध्ये अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेउ यांच्याविरुद्ध सभासदांनी ठरावासाठी वीस हजारांवर सह्या गोळा केल्या, भर कोरोनाच्या साथीत. मतदान होण्याआधीच, २७ ऑक्टोबरला, बार्तोमेउ आणि त्यांच्या संचालक मंडळाने राजीनामा दिला. मार्च २०२१ मध्ये जोआन लापोर्ता पुन्हा निवडून आले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी आकडा सांगितला: १३५ कोटी युरो कर्ज.

या कर्जाबद्दल आमचा अभ्यास दांडगा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात क्लबने ला लीगाच्या प्रक्षेपणातून येणाऱ्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी 'सिक्स्थ स्ट्रीट' नावाच्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला आणि त्या पैशांवर खेळाडू आणले. पंचवीस वर्षांसाठी! ग्रुपवर त्या रात्री वकील, सीए आणि एक एलआयसीवाला पहाटेपर्यंत भांडत होते. मला हा सौदा तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही. पोराबाळांचं उत्पन्न आज खाऊन टाकण्याचा प्रकार आहे तो. पण माझं मत विचारतंय कोण? कारण आमच्यातला एकही सभासद नाही. आमचं मतदान नाही, कॅम्प नोऊ स्टेडियमवर आमची खुर्ची नाही, त्या शहराच्या राजकारणाशी आमचा संबंध नाही. हक्क काही नाही, कळकळ मात्र अध्यक्षाच्या वरची. आपल्या गृहनिर्माण सोसायटीचा ताळेबंद न वाचणारा माणूस बार्साच्या पगाराची मर्यादा तोंडपाठ सांगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आम्ही या फंदात पडलो कसे, हे सांगायला फार वेळ लागत नाही. माझ्या वयाच्या बहुतेकांचं उत्तर रोनाल्डिन्यो. १९ नोव्हेंबर २००५ ला त्याने माद्रिदच्या बर्नाबेउवर दोन गोल केले आणि माद्रिदचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. प्रतिस्पर्ध्याच्या घरी अशा टाळ्या पडतात म्हटल्यावर बघणाऱ्याने काय करायचं? त्याच्यानंतर मेस्सी. मग माद्रिदविरुद्ध २ मे २००९ चा ६-२, पुढच्या वर्षीचा ५-०, आणि ८ मार्च २०१७ ला पॅरिसविरुद्ध ६-१, जो सर्जी रोबेर्तोच्या पंच्याण्णवाव्या मिनिटाच्या गोलाने पूर्ण झाला. वाईट रात्रीही तितक्याच. रोममध्ये ०-३, लिव्हरपूलला ०-४, आणि १४ ऑगस्ट २०२० ला बायर्नकडून २-८. त्या शेवटच्या सामन्याबद्दल ग्रुपवर आजही कुणी बोलत नाही. बोरिवलीपुरतं सांगायचं तर आमची पंचाईत निराळीच आहे. आमच्याच बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढलेला रोहित शर्मा डिसेंबर २०१९ मध्ये ला लीगाचा भारतातला सदिच्छादूत झाला. फुटबॉलपटू नसलेला पहिलाच. आणि गडी निघाला माद्रिदवाला. सोसायटीतला आमचा तो चौथा भिडू हे अजून ऐकवतो.

स्पेन आपल्या दारात येऊन गेलाय हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोत बसलं आणि आझादनगरला उतरलं की चालत थोड्याच अंतरावर, वीरा देसाई रोडवर, शहाजीराजे क्रीडासंकुल. तिथलं मुंबई फुटबॉल अरीना हे मुंबई सिटी एफसीचं मैदान. २०१६ च्या मोसमात इथे दिएगो फोर्लान खेळला. व्हियारेआल आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून खेळताना दोनदा ला लीगात सर्वाधिक गोल करणारा, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू. केरळा ब्लास्टर्सवर मुंबईने पाच गोल चढवले त्यात त्याचे तीन होते. तेव्हा वय सदतीस. फारसा पळायचा नाही. चेंडू यायचा तिथे तो आधीच उभा असायचा, आणि फ्री किकला पाऊल ठेवायच्या आधी मान वर करून गोलकीपर कुठे आहे ते दोनदा बघायचा. टीव्हीवर हे दिसत नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि खरा खेळ चेंडूपासून लांब उभा असतो, हे मला अंधेरीत समजलं.

पुढचा धागा तर थेट बार्साच्या संचालक मंडळापर्यंत जातो. लापोर्तांच्या पहिल्या कारकिर्दीत क्लबचे उपाध्यक्ष असलेले फेरान सोरियानो नंतर मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाचे प्रमुख झाले आणि त्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. स्पेनमधला जिरोना क्लबही त्यांच्याच गोतावळ्यातला. २०२० मध्ये प्रशिक्षक आणला सेर्हियो लोबेरा, पूर्वी बार्साच्या युवा संघांबरोबर काम केलेला, गोव्यात नाव कमावलेला. गोलकीपरपासून छोटे पास देत चेंडू वर न्यायचा, हरवला की तिथल्या तिथे हिसकावून घ्यायचा. आम्ही रात्री दीडला जे बघायचो तेच आता मुंबईच्या निळ्या जर्सीत. संघाने त्या मोसमात साखळीही जिंकली आणि अंतिम सामनाही. १३ मार्च २०२१ ला मोहन बागानला २-१ ने हरवून, बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलावर. पण साथीमुळे अख्खा मोसम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. अंधेरीने आपला सर्वांत बार्सासारखा संघ प्रत्यक्ष पाहिलाच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये, देशातल्या लीगचंच भवितव्य टांगणीला लागलेलं असताना, सिटी समूहाने आपला हिस्सा सोडला. आमच्या ग्रुपवर त्यावर तीन मेसेज आले. बार्साच्या राखीव गोलकीपरच्या गुडघ्यावर त्याच आठवड्यात याच्या कितीतरी पट आले असतील. इथे मला आमच्या जमातीचा राग येतो. सभासद नसल्याची खंत करायची आणि मेट्रोच्या तिकिटात जिथे जाता येतं त्या क्लबकडे पाठ फिरवायची, हे काही खरं नाही.

जिवंत देव मात्र पाहायला आम्ही धावतो. ६ एप्रिल २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर बार्सा आणि माद्रिदच्या निवृत्तांचा सामना झाला. बार्साने २-० ने जिंकला, आणि निकालाची कुणालाच पर्वा नव्हती. आमच्या झावीने चेंडू पायाखाली घेतला, कुणी अंगावर येतंय म्हटल्यावर पाठ वळवून अर्धवर्तुळात फिरला आणि निघून गेला. पंधरा वर्षं पडद्यावर पाहिलेली गिरकी, थोडी सावकाश. त्याच वर्षी १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला, सोबत सुआरेझ. तो सामना वगैरे काही खेळला नाही, नुसती फेरी, प्रेक्षकांत मारलेले चेंडू आणि सचिनने दिलेली दहा नंबरची जर्सी. लोक रडले. मला तो कार्यक्रम लग्नाच्या रिसेप्शनइतकाच फुटबॉलचा वाटला, पण हे ग्रुपवर लिहायची छाती झाली नाही.

नवीन पिढीला मेस्सी नकोच आहे म्हणा. मुलुंडला माझा भाचा आहे, सातवीत. मेस्सी बार्सा सोडून गेला तेव्हा तो फुटबॉल बघतही नव्हता. त्याचा देव लामिन यमाल, जुलै २००७ चा जन्म, बार्साच्या ला मासिया अकादमीतून आलेला, आता दहा नंबर घालतो. २०२४-२५ मध्ये प्रशिक्षक हान्सी फ्लिकच्या बार्साने चारही क्लासिको जिंकून लीग घेतली, त्यामुळे हरणं म्हणजे काय ते या पोराला अजून नीट ठाऊकच नाही. दोन वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या मैदानावर काढून संघ २२ नोव्हेंबर २०२५ ला अर्धवट बांधलेल्या कॅम्प नोऊत परतला, तो सामना आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. शनिवार, रात्री पावणेनऊ, घरात कुणाचीच हरकत नाही, आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओवर ४-०. खुशीत मी त्याला म्हटलं, चल, अंधेरी स्टेशनबाहेर तुझ्या नावाची जर्सी छापून घेऊ, तिथे फर्स्ट कॉपी झकास मिळते.

"नको मामा, ओरिजिनलच घे. फर्स्ट कॉपीचे पैसे क्लबला जात नाहीत. केवढं कर्ज आहे त्यांच्यावर, तुला माहितीय ना?"