संगणकाचा कूलर : निवड आणि जोडणी

नागपुरांत वैशाखमासीं ‘कूलर’ हा शब्द उच्चारतांच खिडकीस लावलेली लोखंडी पेटी, तिच्यांतील वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि घोंघावणारा पंखा डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु प्रस्तुत लेखांत ज्या कूलरचा विचार करावयाचा आहे तो निराळा. घरीं जुळविलेल्या संगणकाच्या प्रोसेसरवर बसविण्याचा हा कूलर पाण्याचा थेंबही मागत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत अशा एका कूलरची निवड व जोडणी आम्हांस करावी लागली आणि तींत आमची एक चूकही झाली. तो अनुभव आमच्या शाळासोबत्यांच्या उपयोगीं पडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची थोरली बहीण वास्तुशास्त्राच्या अखेरच्या वर्षांत होती आणि तिच्या परीक्षेचीं चित्रें या संगणकावर तयार व्हावयाचीं होतीं. प्रोसेसर होता रायझेन ७ ५८०० एक्स. तो कूलरशिवाय विकला जातो. म्हणून जुन्या यंत्रावरील लहानसा कूलर आम्हीं त्यावर बसविला होता. हिवाळ्यांत तो पुरला. मे महिन्यांत मात्र खोलीचें उष्णतामान ३८ अंशांवर गेलें आणि एकेका चित्रास पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक वेळ लागूं लागला. मुदत तर जवळ येत चालली होती.

असें कां व्हावें? या प्रोसेसरवर १०५ वॅट हा आंकडा छापलेला असला, तरी भर कामाच्या वेळीं त्यास १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते, आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. ती मुख्यत्वेंकरून जेथें उत्पन्न होते तो सिलिकॉनचा तुकडा अवघा सुमारें ८० चौरस मिलिमीटर, म्हणजे आंगठ्याच्या नखाहूनही लहान! उष्णतामान ९० अंशांस पोहोंचलें कीं प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. म्हणजे आमचा संगणक बिघडला नव्हता; तो आपला जीव राखीत होता.

मोठ्या कूलरचें मर्म त्याच्या तांब्याच्या नळ्यांत आहे. नळींतील बहुतेक हवा काढून तींत थोडेसें पाणी ठेवलेलें असतें. दाब कमी असल्यामुळें तें थोड्या उष्णतेनेंही वाफ होतें. ती वाफ वरच्या थंड टोंकाकडे जाऊन तेथें पुन्हां पाणी होते आणि घेतलेली उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांस देते. आंतील सच्छिद्र अस्तर, दिव्याच्या वातीनें तेल ओढावें त्याप्रमाणें, तें पाणी खालीं आणतें. पत्र्यांवरील उष्णता पंखा उडवून लावतो. लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं अशी नळी सिद्ध केली. वाळ्याच्या ताटीवरील पाणी वाफ होतांना जी उष्णता शोषितें, तिचाच हा बंदिस्त खेळ होय.

आम्हीं निवडला तो नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा, २०१४ सालीं निघालेला एन्. एच्. डी. १५. सहा नळ्या, पत्र्यांचे दोन मनोरे, दोन पंखे, वजन सुमारें १३२० ग्रॅम आणि उंची १६५ मिलिमीटर. आमच्या पेटींत १७० मिलिमीटरपर्यंत जागा होती. पांच मिलिमीटर शिल्लक राहतात, या आनंदांत आम्हीं पुढील हिशेब केलाच नाहीं.

जुना कूलर काढण्यापूर्वीं संगणक कांहीं मिनिटें चालवावा, म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते. मग वीज तोडून कूलर हलकेच पिळून सोडवावा. सरळ ओढल्यास या जातीचा प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो आणि त्याच्या पिना वांकतात. मदरबोर्डावरील प्लास्टिकचे आधार काढतांना मागील धातूची पाटी हातानें धरावी, नाहीं तर ती गळून पडते; नव्या कूलरसही तीच लागते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून तुरीच्या डाळीएवढा नव्या पेस्टचा ठिपका मध्यभागीं द्यावा. दोन धातूंमधील बारीक खळग्यांतील हवा घालविणें हेंच तिचें काम. ती तांब्याची बरोबरी करीत नाहीं, म्हणून थर पातळच हवा. कूलरच्या तळावर संरक्षक आवरण असल्यास तें आधीं काढावें. दोन्ही स्क्रू आळीपाळीनें, थोडेथोडे आवळावे. पंख्यांचा वारा पेटीच्या मागील बाजूस जाईल असें पाहावें.

येथवर सर्व यथास्थित झालें. पण झांकण लागेना! पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि त्याखालीं मोकळी जागा असते ३२ मिलिमीटर. आमची रॅम, शोभेच्या पत्र्यासह, ४० मिलिमीटर उंच. पंखा आठ मिलिमीटर वर चढला आणि एकूण उंची झाली १७३! रात्रीचे अकरा वाजले होते. ताई शेजारीं मुकाट्यानें बसून होती. झांकण जोरानें दाबावें असा मोह झाला, परंतु तो दाब मदरबोर्डावर आला असता. अखेर पुढचा पंखा काढून ठेविला आणि मधल्या एकाच पंख्यावर भिस्त ठेवली. झांकण लागलें. भर कामांत उष्णतामान ८२ अंशांवर स्थिर राहिलें आणि चित्रें मुदतीच्या आदल्या दिवशीं पुरीं झालीं.

एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेवावी. असा कूलर प्रोसेसरला खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोली पांच अंशांनीं तापली, तर प्रोसेसरही सुमारें तितकाच अधिक तापणार. तेव्हां पेटी भिंतीस चिकटवूं नये आणि जाळ्यांवरील धूळ वरचेवर झाडावी.

आतां जो कोणी कूलर घेऊं इच्छितो त्यास आमचें सांगणें इतकेंच : पेटीची जागा, कूलरची उंची आणि रॅमची उंची हीं तीनही मापें खरेदीपूर्वीं एकत्र मांडावीं. काढलेला पंखा दुसऱ्या दिवशीं टेबलावर पाहून वडील रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, “बाळांनो, बेरीज वहींत करावी, पेटींत करूं नये.” तो पंखा अद्याप आमच्या फडताळांत आहे.