सुगंधी तेलें : गुण आणि सावधगिरी

निलगिरीच्या तेलाची लहानशी बाटली, लवंगेचें तेल किंवा कापराची डबी यांपैकीं एकहि वस्तु ज्यांत नाहीं, असें घर आपल्याकडे क्वचितच सांपडेल. पडसें आलें कीं निलगिरी, दाढ दुखूं लागली कीं लवंगेचें तेल आणि डांस वाढले कीं सिट्रोनेला, असा आपला परिपाठ आहे. हीं द्रव्यें उपयुक्त आहेत यांत संशय नाहीं. परंतु तीं वनस्पतींपासून निघालेलीं व सुवासिक आहेत, म्हणून तीं सर्वथा निरुपद्रवीच असलीं पाहिजेत, असा जो समज दृढ झाला आहे, तो मात्र घातक होय.

प्रथम हीं तेलें म्हणजे काय तें पाहूं. विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करावा. कागदाच्या एका तुकड्यावर खोबरेलाचा व दुसऱ्यावर निलगिरी तेलाचा एकेक थेंब टाकून ते वाऱ्यावर ठेवावे. खोबरेलाचा डाग तसाच राहील; निलगिरीचा थेंब बहुतेक सर्व उडून जाईल. अशा तेलांस बाष्पनशील तेलें म्हणतात. पानें, फुलें, साली इत्यादिकांतून पाण्याची वाफ सोडून व ती थंड करून तीं काढितात. या क्रियेस ऊर्ध्वपातन हें नांव आहे. निलगिरीचें झाड मूळचें ऑस्ट्रेलियांतील. एकोणिसाव्या शतकांत तें दक्षिणेंतील निलगिरी पर्वतावर लावण्यांत आलें आणि त्या पर्वताचेंच नांव आपण त्यास दिलें. त्याच्या १०० किलो ताज्या पानांपासून सुमारें १ ते २ किलो तेल निघतें. म्हणजे चहाच्या एका चमचाभर तेलांत पाव ते अर्धा किलो पानांचें सत्त्व सांठलेलें असतें. पान चुरून हुंगणें आणि तेल पोटांत जाणें यांत केवढें अंतर आहे, हें या हिशेबावरून कोणाच्याहि ध्यानांत येईल.

सर्वांत मोठा धोका तेल गिळल्यानें होतो, आणि तो विशेषेंकरून लहान मुलांस. निलगिरीची बाटली व खोकल्याच्या औषधाची बाटली रात्रीच्या अंधुक उजेडांत सारखीच दिसते. एक चमचा तेल पोटांत गेलें असतां लहान मुलास गुंगी येते, झटके येऊं शकतात व श्वास मंदावतो. कापराची वडी मुलास खडीसाखरेसारखी वाटते. परंतु केवळ एक ग्रॅम कापूरहि तान्ह्या जिवावर बेतूं शकतो, आणि झटके कांहीं मिनिटांतच सुरू होतात. याच कारणास्तव अमेरिकेच्या सरकारनें १९८२ सालीं कापराच्या तेलाच्या विक्रीस मनाई केली. लवंगेचें तेल अधिक प्रमाणांत गेल्यास यकृतास इजा होते. सांधेदुखीवर चोळावयाचें विंटरग्रीन तेल तर याहूनहि तीव्र. त्याच्या एका चमच्यांत ॲस्पिरिनच्या वीस गोळ्यांइतकें द्रव्य असतें. सबब वैद्यकीय सल्ल्यावांचून यांपैकीं कोणतेंहि तेल पोटांत घेऊं नये.

दुसरा प्रश्न त्वचेचा. निर्भेळ तेल अंगास लाविल्यास आग होते व पुरळ उठतें; तेल जुनें होऊन हवेनें बिघडलें असल्यास विशेषच. यासाठीं तें खोबरेलांत मिसळूनच वापरावें. पवित्र शास्त्रांत निर्गमाच्या तिसाव्या अध्यायांत अभिषेकाच्या तेलाची कृति दिली आहे. तेथेंहि गंधरस, दालचिनी आदि सुगंधी द्रव्यें जैतुनाच्या तेलांत मिसळावयास सांगितलीं आहेत. प्रौढांसाठीं शेंकडा दोन हें प्रमाण पुरेसें आहे. एका मिलिलिटरांत सुमारें २० थेंब, म्हणजे ५ मिलिलिटरांच्या चमच्यांत १०० थेंब होतात. अर्थात् चमचाभर खोबरेलास दोन थेंब बस्स. पाण्यांत मात्र तेल मिसळत नाहीं, वर तरंगतें. म्हणून स्नानाच्या पाण्यांत तें तसेंच ओतूं नये. दाढेसाठीं लवंगेचें तेल कापसाच्या बोळ्यानें दुखऱ्या दाढेपुरतेंच लावावें. त्यानें वेदना कांहीं वेळ थांबते, कीड नव्हे. दंतवैद्याकडे जाणें टळत नाहीं.

तिसरी गोष्ट श्वासाची. तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ निलगिरी, पुदिन्याचें सत्त्व अगर कापूर लाविल्यानें त्याचा श्वास अडकण्याचें भय असतें. गळ्यांत कापराची पुरचुंडी बांधण्याची चालहि याच कारणानें, व मूल ती तोंडांत घालील म्हणून, सोडून द्यावी. फेफरें किंवा दमा असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हीं तेलें वापरूं नयेत. मुलांस उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊं नये. भांडें कलंडून भाजण्याचे अपघात होतात.

पालकांनीं घरीं पुढील नियम पाळावे. बाटली कुलुपांत ठेवावी, तिचें झांकण घट्ट असावें व तिजवर नांव स्पष्ट लिहावें. खोकल्याच्या किंवा डोळ्यांच्या औषधाशेजारीं ती कदापि ठेवूं नये. हीं तेलें पेट घेतात, म्हणून चूल व दिवा यांपासून तीं दूर असावीं. डोळ्यांत थेंब गेल्यास पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा व डॉक्टरांस दाखवावा. मुलानें तेल गिळल्यास मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये, कारण तेल फुप्फुसांत उतरतें. झटके येत असल्यास त्यास कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा किंवा वहाण हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरांत धाकटीं भावंडें असतील. आज घरीं गेल्यावर औषधांचें फडताळ आईवडिलांसह एकवार तपासा, आणि कापूर व तेलाच्या बाटल्या त्यांच्या हातीं लागणार नाहींत अशा जागीं हलवा. या लेखाचें एवढें फळ मिळालें, तरी तो लिहिल्याचें सार्थक झालें असें समजेन.