झाशीचे धुळेकर : मराठी घरातून हिंदीचा आग्रह

चिरगाव (जि. झाशी) : झाशी-कानपूर मार्गावरील चिरगाव राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. १९५२ मध्ये गुप्त यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी याच जिल्ह्यातून काँग्रेसचे रघुनाथ विनायक धुळेकर पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. गुप्त यांची हिंदी घरची होती, तर धुळेकरांचे घराणे मराठी. तरीही हिंदीसाठी संविधान सभेत अत्यंत तीव्र भूमिका घेणाऱ्यांत धुळेकर अग्रभागी होते.

महाराजा छत्रसाल यांच्या राज्याचा हिस्सा बाजीराव पेशव्यांकडे आल्यानंतर १८ व्या शतकात बुंदेलखंडात मराठी कुटुंबे स्थिरावली. १८५४ मध्ये इंग्रजांनी झाशी खालसा केली. पण ही कुटुंबे तेथेच राहिली. अशाच समाजात १८९१ मध्ये जन्मलेले धुळेकर वकील झाले आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांकडून निवडले जात. त्या मार्गाने संयुक्त प्रांतातून धुळेकर दिल्लीत पोहोचले. १० डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे सभेच्या दुसऱ्याच दिवशी, कामकाजाच्या नियमांवरील चर्चेत ते हिंदुस्तानीत बोलू लागले. अनेक सदस्यांना ही भाषा समजत नसल्याचे हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी निदर्शनास आणताच, ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना भारतात राहण्याचा अधिकार नाही, असे धुळेकरांनी सुनावले. सभागृहात गोंधळ उडाला. अखेर जवाहरलाल नेहरूंनी त्यांना जागेवर बसण्याची विनंती केली.

या उद्गारांनी दक्षिणेकडील सदस्यांच्या मनातील शंका बळावली. सप्टेंबर १९४९ मधील निर्णायक चर्चेतही हिंदी ही केवळ राजभाषा नव्हे, तर राष्ट्रभाषा आहे, असे धुळेकर ठासून सांगत राहिले. सभेने मात्र तडजोड स्वीकारली. अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरीतील हिंदी संघाची राजभाषा ठरली आणि इंग्रजीचा वापर १५ वर्षे सुरू ठेवण्यात आला. ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा संविधानाने कोणत्याही भाषेला दिला नाही.

१९५८ मध्ये धुळेकर उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले. १९६४ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. सभापतीने वादात पक्ष न घेता प्रत्येक सदस्याला बोलण्याची संधी द्यायची असते. एकेकाळी ज्यांना अध्यक्षांनी आवरले, त्यांच्याच हाती आता सभागृह आवरण्याचे काम आले.

विशेष म्हणजे १९६२ पर्यंत विधानसभेचे अध्यक्षपद झाशी जिल्ह्यातीलच आत्माराम गोविंद खेर यांच्याकडे होते. हिंदी भाषक राज्याच्या दोन्ही सभागृहांची सूत्रे सुमारे चार वर्षे एकाच जिल्ह्यातील दोन मराठी माणसांकडे होती. लखनौमध्ये त्यांच्या मराठी मूळाची कोणतीही अडचण झाली नाही. भाषेवरून माणसाचा अधिकार ठरवू नये, याचे उत्तर धुळेकरांच्याच कारकिर्दीत सापडते.