आधी थोरला, मग धाकटे

पुण्याजवळच्या भुकूममधल्या कुठल्याही शाळकरी मुलाला ‘स्टॉकफिश’ मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतं, आणि बुद्धिबळात त्याच्यापुढे जगज्जेत्याचाही निभाव लागत नाही. मला त्याहून जास्त थक्क करते ती त्यामागची युक्ती. हे इंजिन बहुतेक खेळ्यांकडे बघतच नाही!

डाव मध्यावर आला की दर वेळी साधारण ३५ खेळ्या शक्य असतात. दोन्ही बाजूंच्या मिळून आठ खेळ्या पुढचं बघायचं, तर सव्वादोन लाख कोटी शक्यता होतात. आता समजा, पहिली खेळी तपासली आणि कळलं की हिच्यात निदान एक प्यादं पदरात पडतंय. दुसरी घेतली, तर प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्याच उत्तरात आपला वजीर फुकट जातोय. मग त्याची उरलेली ३४ उत्तरं कशाला बघायची? खेळी बाद. ती नेमकी किती वाईट आहे, हे कळून उपयोग काय? हीच अल्फा-बीटा छाटणी. दर वेळी सर्वांत चांगली खेळी आधी हाताला लागली, तर आठ खेळ्यांसाठी जेमतेम तीस लाख शक्यता बघून भागतं. आणि उत्तर तंतोतंत तेच येतं! इंजिनं इतर काही छाटण्या जोखीम पत्करून करतात. हिच्यात जोखीम शून्य.

पण चांगली खेळी कोणती, हेच तर शोधायचं असतं. म्हणून इंजिन आधी उथळ शोध घेतं आणि त्यात वर आलेली खेळी पुढच्या, खोल फेरीत सर्वांत आधी तपासतं.

मग हजार चिप जोडल्या, तर वेग हजारपट? भुकूमहून चांदणी चौक ओलांडून पुण्यात गेलं की सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था लागते. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडून. परम बुद्धिबळासाठी नव्हता. पण त्याच जातीच्या चिपवर जर्मनीतल्या पाडरबॉर्नमध्ये ‘त्सुगत्सवांग’ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम चालत होता. तिथे पेच दिसला. छाटायला आधीच्या फांदीचं, म्हणजे आधी तपासलेल्या खेळीचं, उत्तर हातात असावं लागतं. सगळ्या फांद्या एकदम सुरू केल्या, तर ज्या कापल्याच जाणार होत्या त्यांच्यावरही चिप राबत बसतात. रायनर फेल्डमान आणि सहकाऱ्यांनी नियम घातला: थोरल्या फांदीचं उत्तर येईपर्यंत धाकट्यांनी थांबायचं. १९९२ साली माद्रिदच्या संगणक-बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेत त्सुगत्सवांग दुसरा आला. तरीही १०२४ चिपवर वेग वाढला तो ३४४ पट. उरलेली ताकद वाट बघण्यात आणि फुकटच्या शोधात गेली.

आजच्या स्टॉकफिशमध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही. प्रोसेसरचे सगळे गाभे तीच स्थिती आपापल्या परीने तपासतात आणि सापडलेलं एका सामायिक तक्त्यात टाकतात. एखादा गाभा जरा खोलवर पोचला, तर त्याची सर्वोत्तम खेळी तिथे नोंदलेली असते. बाकीचे त्या जागी आले की तीच आधी तपासतात.